नेटफ्लिक्सवरची डब्ल्यूडब्ल्यूई: पैसे आपले, मर्जी स्टारची

केबलच्या पॅकमध्ये वर्षानुवर्षं आपोआप येणारी डब्ल्यूडब्ल्यूई ही अमेरिकी करमणुकीची कुस्ती एप्रिल २०२५ मध्ये भारतात सोनीच्या वाहिन्या सोडून नेटफ्लिक्सवर गेली. रॉ, स्मॅकडाउन, एनएक्सटी हे दर आठवड्याचे आणि रॉयल रंबल, रेसलमेनियासारखे मोठे कार्यक्रम आता सगळे तिथंच. म्हणजे लातूर, परभणी, नांदेडच्या घरांत जी गोष्ट चॅनेल बदलता बदलता दिसायची, तिच्यासाठी वेगळे पैसे मोजायचे. पैसे मोजायचे म्हटल्यावर माल पारखून घेतलाच पाहिजे.

आधी प्लॅनचं बघू. मोबाइल १४९ रुपये, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९. १४९ चा प्लॅन फक्त फोन आणि टॅबलेटवर चालतो, टीव्हीवर नाही, आणि चित्र ४८०पी. कुस्ती ही चार डोकी जमवून बघायची गोष्ट आहे, त्यामुळं पन्नास रुपये वाचवण्यात अर्थ नाही. बेसिक घ्या. टीव्हीवर ७२०पी मिळतं आणि ३२ इंची पडद्यावर तेवढं पुरतं. दोन टीव्हींवर एकाच वेळी लावायचं असेल तरच ४९९ चा विचार करा. निव्वळ कुस्तीसाठी ६४९ देणं म्हणजे हौस.

वेळेचं गणित जरा अवघड आहे. रॉ अमेरिकेत सोमवारी रात्री आठला सुरू होतं, म्हणजे आपल्याकडं मंगळवारी पहाटे साडेपाचला. नोव्हेंबर ते मार्च तिकडची घड्याळं तासाभरानं मागं जातात, तेव्हा साडेसहाला. स्मॅकडाउन शनिवारी सकाळी. मोठे कार्यक्रम बहुतेक रविवारी पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास येतात, पण सौदीत किंवा युरोपात असले तर रात्री साडेदहा-साडेअकराला, आणि ही वेळ आपल्याला सगळ्यात सोयीची. थेट बघायचं नसेल तर सकाळी यूट्यूब उघडू नका. डब्ल्यूडब्ल्यूईचं स्वतःचंच चॅनेल काही तासांत निकालासकट क्लिपा टाकतं.

डेटाचंही सांगून ठेवतो. मध्यम दर्जाला तासाला साधारण ०.७ जीबी जातो, एचडीला ३ जीबीपर्यंत. रॉ अडीच-तीन तास चालतं. ज्यांचा रोजचा पॅक दीड जीबीचा आहे त्यांचा डेटा दोन तासांत संपतो, म्हणजे नेमका शेवटच्या लढतीच्या तोंडावर. अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटाचा पर्याय ‘ऑटोमॅटिक’वर असतो, तो ‘सेव्ह डेटा’वर आणून ठेवा.

एवढं जमलं की उरतो तो माल. हरिश्चंद्र बिराजदार, काका पवार, राहुल आवारे या नावांवर वाढलेल्या मुलखात डब्ल्यूडब्ल्यूई लावली की एक प्रश्न ठरलेला असतो: “खोटी कुस्ती काय बघायलास?” निकाल आधी ठरतो हे खरंच आहे, त्यात लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. खरी कुस्ती निकाल कुणी ठरवायचा यावरून होते आणि ती पडद्यामागं होते. एखाद्या महिन्यात हा कार्यक्रम जबरदस्त का असतो आणि पुढच्या महिन्यात अळणी का होतो, याचं उत्तर लेखकांच्या बुद्धीपेक्षा त्या ओढाताणीत जास्त सापडतं. जत्रेच्या मैदानाचा अनुभव असलेल्याला हे चटकन कळेल. जोड कमिटी लावते, हलगी वाजते, आणि दोन नामांकित पैलवान अर्धा तास नुसती खडाखडी करून बरोबरीत सुटतात, तेव्हा कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांना काय समजायचं ते समजतं. पडणं कुणालाच परवडत नव्हतं.

अमेरिकेत ही न पडण्याची सोय थेट करारात लिहून मिळते. सगळ्यात गाजलेलं उदाहरण डब्ल्यूसीडब्ल्यूचं, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी कंपनीचं. टेड टर्नरच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या या कंपनीनं सप्टेंबर १९९५ मध्ये सोमवारी रात्री नायट्रो हा कार्यक्रम सुरू केला आणि पुढं दीड वर्षाहून जास्त काळ दर आठवड्याला रॉला प्रेक्षकसंख्येत मागं टाकलं. तिचा बडा स्टार हल्क होगनच्या करारात एक कलम होतं: तो ज्या लढतीत उतरेल तिच्या निकालाला त्याची मंजुरी लागेल. हेच ते ‘क्रिएटिव्ह कंट्रोल’. कंपनी पगार देणार, पण कुणासमोर पडायचं हे पैलवान ठरवणार.

त्याचा परिणाम २८ डिसेंबर १९९७ च्या स्टारकेड या मोठ्या कार्यक्रमात दिसला. वर्षभर स्टिंग हा पैलवान छतावरून उतरायचा, एक शब्द बोलायचा नाही, आणि सगळी गोष्ट त्यानं होगनला साफ चीत करण्याकडं चालली होती. ठरलं असं होतं की पंच घाईघाईनं तीन मोजेल, मग ब्रेट हार्ट हा पैलवान येऊन अन्यायाला वाचा फोडेल आणि लढत पुन्हा सुरू होईल. पण पंचानं मोजले ते नेहमीच्या गतीनं. बघणाऱ्याला दिसलं ते एवढंच की होगननं स्टिंगला सरळ पाडलं आणि कुणीतरी उगीच येऊन भांडतंय. विजेतेपदाचा पट्टा शेवटी स्टिंगकडं गेला, पण वर्षभराची हवा त्या तीन सेकंदांत निघून गेली. पंचाला कुणी काय सांगितलं होतं यावरचा वाद आजही मिटलेला नाही.

वर्षभरानं पाळी आली गोल्डबर्ग या नव्या स्टारची. त्याच्या १७३ सलग विजयांचा आकडा कंपनीनं सांगितला होता (त्यातले सगळे कुणी मोजून बघितले नसतील, पण लोकांना तो आवडायचा). डिसेंबर १९९८ मध्ये केव्हिन नॅशनं त्याला हरवलं, तेही रिंगबाहेरून विजेच्या झटक्याची मदत घेऊन. या नॅशचा लढती ठरवणाऱ्या मंडळींमध्ये शब्द चालायचा. मग ४ जानेवारी १९९९ ला अटलांटात, म्हणजे गोल्डबर्गच्याच गावात, त्याच्या बदल्याची लढत जाहीर झाली. लोक तिकिटं काढून आले. गोल्डबर्गला पोलिसांनी धरून नेल्याचं नाटक झालं, त्याच्या जागी होगन उतरला, त्यानं नॅशच्या छातीला बोट लावलं, नॅश आडवा झाला आणि पट्टा पुन्हा होगनकडं. त्याच रात्री नायट्रोच्या निवेदकानं वरून आलेल्या हुकमानं, समोरच्या वाहिनीवर रॉमध्ये मिक फोली विजेता होणार हे उपहासानं सांगून टाकलं. ते ऐकून लाखो प्रेक्षकांनी तिकडंच चॅनेल बदललं. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा मालक विन्स मॅकमॅहननं डब्ल्यूसीडब्ल्यूची नावं आणि चित्रफिती पन्नास लाख डॉलरांहून कमी किमतीत उचलल्या. मोठे स्टार मात्र लगेच आले नाहीत. त्यांचे पगार टर्नरच्या मूळ कंपनीनं हमी देऊन बांधलेले होते, ते घरी बसून मिळत होते. कंपनी गेली तरी करार चालू राहिले.

कंपनी बुडायला एकटे पैलवान कारण नव्हते हेही खरं. एओएल आणि टाइम वॉर्नर एकत्र आल्यावर नव्या मालकांना आपल्या वाहिन्यांवर कुस्ती नकोच होती, आणि वाहिनी नसेल तर कुस्तीची कंपनी विकत घेऊन करायचं काय? पण मधल्या फळीतली चांगली माणसं आधीच विन्सकडं गेली होती. क्रिस जेरिको १९९९ मध्ये, एडी गरेरो आणि त्याचे तीन सोबती जानेवारी २०००मध्ये. वर जागाच नाही हे त्यांना कळलं होतं. स्टारची दादागिरी कंपनीला एका रात्रीत मारत नाही. उद्याचा स्टार तयार होत नाही, आणि ते दोन-तीन वर्षांनी लक्षात येतं.

विन्सचा खाक्या उलटा होता: कलम कुणालाही देऊ नका, दिलंच तर पाळू नका. १९९७ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूकडं निघालेल्या ब्रेट हार्टच्या कराराच्या शेवटच्या महिन्यात त्याला निकालात म्हणणं मांडायचा हक्क होता. ९ नोव्हेंबरला मॉन्ट्रियलमध्ये विन्सनं तो बाजूला ठेवून ब्रेट हरल्याची घंटा वाजवायला लावली. अशा मालकाच्या कंपनीत राजकारण नसतं असं नाही, ते फक्त एकाच माणसाच्या कानापर्यंत पोचायच्या शर्यतीत बदलतं.

आज आपण ज्याचे पैसे भरतो ती कंपनी या दोन्हींच्या मधली आहे. सप्टेंबर २०२३ पासून डब्ल्यूडब्ल्यूई यूएफसी या खऱ्या मारामारीच्या स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीसोबत टीकेओ या शेअर बाजारातल्या कंपनीत आहे, विन्स जानेवारी २०२४ मध्ये बाहेर पडला, आणि गोष्ट ठरवण्याची सूत्रं विन्सचा जावई आणि जुना पैलवान ट्रिपल एच याच्याकडं आहेत. आता स्टारची ताकद कलमापेक्षा दोन ठिकाणी दिसते: वर्षाला किती तारखा द्यायच्या यात आणि संचालक मंडळात.

संचालक मंडळाचं उदाहरण ताजं आहे. जुना पैलवान आणि हॉलिवूडचा नट रॉक, म्हणजे ड्वेन जॉन्सन, जानेवारी २०२४ मध्ये टीकेओच्या मंडळावर आला, ‘द रॉक’ हे नावही त्याच्या मालकीचं झालं. दहा दिवसांत स्मॅकडाउनवर कोडी रोड्सनं रॉयल रंबल जिंकून मिळवलेली रेसलमेनियाच्या मुख्य लढतीची जागा रॉकसाठी सोडली. प्रेक्षक इतके खवळले की ८ फेब्रुवारीला लास वेगासच्या कार्यक्रमात सगळा बेत फिरवावा लागला, आणि एप्रिलमध्ये कोडीनं विजेत्या रोमन रेन्सची १३१६ दिवसांची सत्ता संपवली. लोकांचा विजय म्हणून हे साजरं झालं. पण आदल्या रात्रीची जोडीची लढत आठवा. तिथं रॉकनं कोडीला स्वतः चीत केलं होतं. मागं हटतानाही मोठा माणूस आपला हिशेब पुरा करून हटतो.

पुढच्या वर्षी तर मागं हटण्याचीही गरज पडली नाही. मार्च २०२५ मध्ये टोरांटोत रॉकच्या इशाऱ्यावर जॉन सीना खलनायक झाला, वीसहून जास्त वर्षांत कुणी कल्पना केली नव्हती ते झालं. सात आठवड्यांनी रेसलमेनिया आला आणि रॉक आलाच नाही. सीना-कोडी लढतीत त्याच्या जागी एक रॅप गायक मधे पडला. लावलेल्या आगीला लाकूड घालणाराच गायब, त्यामुळं सीनाचं खलनायकपण ऑगस्टपर्यंत विझलं. सीनानं स्वतः मात्र निरोपाच्या वर्षात ठरलेल्या मोजक्या तारखा दिल्या आणि १३ डिसेंबरला शेवटच्या लढतीत गुंथरसमोर हात आपटून हार मानली. जाताना धाकट्याला मोठं करून जाणं हा या धंद्यातला जुना रिवाज आहे, होगननं तो शक्य तितका टाळला होता. सीनाच्या चाहत्यांना तो शेवट आवडला नाही, पण पैलवानकीच्या हिशेबात तो बरोबर होता.

नेटफ्लिक्सवर ‘डब्ल्यूडब्ल्यूई: अनरिअल’ नावाची मालिका जुलै २०२५ मध्ये आली. पहिल्या पर्वात पाच भाग. लेखकांची खोली, पडद्याआडून हेडसेटवर सूचना देणारा ट्रिपल एच, शेवटच्या क्षणी बदललेले निकाल असं बरंच त्यात आहे, आणि नव्या प्रेक्षकानं ती आधी बघावी. पण ती कंपनीच्या परवानगीनं बनलेली आहे. जिथं खरी ताकद असते तो करार-पगाराचा भाग ती उलगडत नाही. राजकारण दाखवलंय, पण पाहुण्यांसाठी सारवून घेतलेल्या ओसरीइतकंच.

म्हणून स्वतः बघायला शिका, अवघड नाही. रॉची पहिली वीस मिनिटं आणि शेवटची वीस मिनिटं कुणाला मिळाली हे दोन-तीन आठवडे टिपून ठेवा. या दोन जागा कंपनीची तिजोरी आहेत. सतत तेच दोघं तिथं असतील तर मधल्या फळीचं काही खरं नाही. मोठा स्टार हरला तर कसा हरला ते बघा: रिंगच्या मधोमध, कुणी मधे न पडता, तीन मोजून हरला तर समोरच्याला खरंच वर काढायचं आहे. खुर्ची, बेशुद्ध पंच, अचानक आलेला तिसरा गडी असं काही असेल तर स्टारनं पडायला होकार दिलाय पण नाव राखून. मग पुढच्या दोन आठवड्यांत जिंकलेल्याकडं लक्ष ठेवा. त्याला माइक मिळाला, मोठी लढत मिळाली तर ठीक. तो कुणातरी दुय्यम पैलवानाशी बरोबरीत अडकला तर त्याचा विजय उसना होता. आणि पट्टा ज्याच्याकडं आहे तो महिनाभर दिसलाच नाही, तर लेखकांना दोष देऊ नका. त्याच्या करारातल्या तारखा शिल्लक नसतील.

भारतीय प्रेक्षकाला यात किती किंमत आहे, तेही बघितलं पाहिजे. मे २०१७ मध्ये भारतीय वंशाच्या जिंदर महालला अचानक मुख्य पट्टा दिला गेला, कारण कंपनीला इथला बाजार हवा होता. तो १७० दिवस विजेता राहिला, आणि भारत दौऱ्याच्या महिनाभर आधीच पट्टा एजे स्टाइल्सकडं गेला. डिसेंबरात दिल्लीत जिंदर ट्रिपल एचसमोर उतरला, आणि भारतातल्या प्रेक्षकांसमोर जिंकला तो कंपनीचा अधिकारी असलेला ट्रिपल एच. नंतर दोघांनी भांगडा केला. सप्टेंबर २०२३ च्या हैदराबादच्या कार्यक्रमात गुंथरनं भारतीय पैलवान शँकीला हरवलं, आणि त्याच महिन्यात शँकीला नारळ मिळाला. पुढच्या एप्रिलपर्यंत जिंदर आणि वीर, सांगा हे भारतीय पैलवान सगळेच बाहेर. बाजार मोठा, पण लॉकर रूममध्ये आपल्या बाजूनं बोलणारा कुणी नाही, त्याचा हा परिणाम.

हैदराबादला पुन्हा कार्यक्रम झालाच तर छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडकडून देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबाद सोपं पडतं, त्यामुळं मराठवाड्यातून जाणारे असतीलच. तिकीट काढताना पोस्टरवरचा सगळ्यात मोठा चेहरा बघून महागडी खुर्ची घेऊ नका. अशा कार्यक्रमात लढती बदलण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते, आणि दौऱ्यातून सगळ्यात आधी गळतो तो कमी तारखांचा स्टार. रोज राबणारे पैलवान येतातच, आणि चांगली कुस्ती बहुतेक तेच करतात.

हे फक्त अमेरिकेत चालतं असं मानायचं कारण नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये संघटनांच्या भांडणात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला हरवलं आणि त्याच राक्षेनं आपल्या धाराशिवमध्ये दुसरी गदा उचलली. तिथली कुस्ती खरी होती, फूट कार्यालयातली होती. आखाड्यात घाम गाळणाऱ्यांना याचा जो ताप झाला त्याची भरपाई कुणी केलेली नाही.

सेवा म्हणून पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण पहाटेच्या वेळेनं खाल्ला, आणि उरलेला एक अशा महिन्यांनी, जेव्हा मोठी नावं फक्त पोस्टरवर असतात. बारा महिने भरत राहण्याची गरज नाही. जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या रॉयल रंबलपासून एप्रिलच्या रेसलमेनियापर्यंत सगळे मोठे परततात, सगळ्यांच्या तारखा त्याच काळात खर्च होतात, आणि पडद्यामागची ओढाताणही तेव्हाच पडद्यावर दिसते. बेसिक प्लॅननं चार महिने म्हणजे ७९६ रुपये. ऑगस्टच्या समरस्लॅमला हवा तर आणखी एक महिना. रेसलमेनिया संपला की त्याच दिवशी सदस्यत्व रद्द करून टाकलं तरी चालतं, भरलेल्या महिन्याची शेवटची तारीख येईपर्यंत कार्यक्रम दिसत राहतो.